राखीव गडी मैदानात उतरतो तेव्हा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. जेवणे आटोपून बातम्या ऐकायला बसलो होतो, तेवढ्यात भाच्याचा मोबाइल आला. "मामा, हॉस्पिटलचे सगळे फोन गेले. जरा येता का?"

भाचा आमच्याच गावातल्या दीडशे खाटांच्या एका धर्मादाय रुग्णालयात संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे तो स्वतः, एक मदतनीस पोरगा आणि जिन्याखालची एक थंडगार खोली. मी १९६८ साली टेलिफोन खात्यात चिकटलो आणि निवृत्त झालो त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. हल्लीच्या संगणकांतले मला फारसे कळत नाही. पण उभे आयुष्य "फोन का लागत नाही?" या एकाच प्रश्नाच्या मागे धावण्यात गेल्यामुळे, नात्यात कोणाचाही फोन मुका झाला की बोलावणे मलाच येते. रेनकोट चढवला आणि निघालो.

"घाबरायचे कारण नाही," भाचा दारातच म्हणाला. "मेन सर्व्हर बसलाय, पण आपल्याकडे बॅकअप आहे."

खोलीतल्या लोखंडी मांडणीवर दोन सारख्याच काळ्या पेट्या होत्या. वरच्या पेटीवर चिठ्ठी चिकटवलेली : 'मुख्य'. खालच्या पेटीवर : 'राखीव'. वरचीचा दिवा विझलेला. खालचीचा हिरवा दिवा मात्र शांतपणे लुकलुकत होता. राखीव पेटी जिवंत होती, धडधाकट होती आणि काहीही करत नव्हती. फोन बंद पडले होते ९ वाजून २० मिनिटांनी. ते पुन्हा खणखणले तेव्हा बारा वाजले होते. म्हणजे मदतीला दुसरे यंत्र हाताशी असूनही २ तास ४० मिनिटे ते रुग्णालय मुके आणि बहिरे होते.

असे का झाले, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी हा टेलिफोनचा सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. पूर्वी मोठ्या कचेरीत टेलिफोनचा बोर्ड असे. त्याच्यासमोर बसलेली ऑपरेटर बाई दोऱ्या खुपसून एकाचा फोन दुसऱ्याला जोडून देई. मग बोर्ड जाऊन भिंतीवरची पेटी आली आणि आता पेटी जाऊन साधा संगणक आला आहे. अमेरिकेतल्या मार्क स्पेन्सर या तरुणाला आपल्या छोट्या धंद्यासाठी फोनची यंत्रणा हवी होती आणि ती विकत घेणे परवडेना, म्हणून १९९९ साली त्याने स्वतःच 'अ‍ॅस्टरिस्क' नावाची प्रणाली लिहिली आणि जगाला फुकट देऊन टाकली. तेव्हापासून कोणत्याही बऱ्यापैकी संगणकाचे टेलिफोन एक्स्चेंज करता येऊ लागले.

या नव्या व्यवस्थेत टेबलावरचा प्रत्येक फोन हाही एक छोटा संगणकच असतो. तो ठराविक वेळाने सर्व्हरकडे हजेरी लावतो : "मी २१४ नंबरचा, प्रसूती विभागातला, इथे आहे." सर्व्हरकडे सगळ्यांचा हजेरीपट असतो. कोणी २१४ फिरवला की तो हजेरीपट बघतो आणि घंटा वाजवतो. बाहेरच्या जगाशी संबंध येतो तो टेलिफोन कंपनीच्या वायरीतून. आमच्या रुग्णालयात एकाच वायरीतून ३० जण एका वेळी बोलू शकतील अशी पीआरआय लाइन आहे. ती वायर मुख्य सर्व्हरच्या पाठीत खोचलेली होती, आणि मुख्य सर्व्हर तर मेला होता.

आता राखीव सर्व्हर मुख्य करायचा, म्हणजे चिठ्ठी बदलायची, इतके ते सोपे असेल असे भाच्याला वाटले होते. खरे सांगायचे तर बहुतेकांना तसेच वाटते. आम्ही कामाला लागलो आणि एकेक करून गोष्टी उलगडू लागल्या.

पहिली गोष्ट ज्ञानाची. मुख्य सर्व्हरवरची सगळी माहिती रोज रात्री २ वाजता राखीव सर्व्हरवर आपोआप उतरवली जाई. निदान तशी व्यवस्था होती. पाहिले तर शेवटची प्रत मार्च महिन्यातली. मार्चमध्ये कोणीतरी पासवर्ड बदलला आणि तेव्हापासून प्रत उतरणे थांबले. ते थांबले आहे हे सांगणाराही कोणी नव्हता. मार्चनंतर डायलिसिसचा नवा विभाग सुरू झाला होता. त्याचे ११ फोन राखीव सर्व्हरच्या गावीही नव्हते. नशिबाने भाच्याच्या लॅपटॉपवर आठ दिवसांपूर्वीची एक प्रत निघाली. ती उतरवण्यात अर्धा तास गेला.

दुसरी गोष्ट पत्त्याची. सगळ्या फोनांना मुख्य सर्व्हरचा पत्ता पाठ होता. घरातला कर्ता बदलला तरी पोस्टमन जुन्याच नावाची पाटी शोधत फिरतो, तसे दीडेकशे फोन मेलेल्या सर्व्हरच्या दारावर थापा मारत होते. आता दोनच मार्ग. एक तर प्रत्येक फोनला नवा पत्ता शिकवायचा, नाहीतर राखीव सर्व्हरलाच जुना पत्ता द्यायचा. अर्थात दुसरा मार्ग धरला. तरीही मधली यंत्रे काही मिनिटे जुनी ओळख धरून बसली होतीच. सवय सुटायला वेळ लागतो, यंत्रांचीसुद्धा.

तिसरी गोष्ट वायरीची. ती वरच्या पेटीतून काढून खालच्या पेटीत खोचायला अर्धे मिनिट पुरे. पण कोणती वायर, आणि कोणत्या भोकात, हे कुठे लिहून ठेवलेले नव्हते. मांडणीच्या मागे निळ्या वायरींचे जावळ वाढले होते. मदतनीस पोरगा मोबाइलच्या उजेडात पाठीवर झोपून एकेक वायर ओढून बघत होता.

चौथी गोष्ट परवान्याची. संभाषणांची नोंद ठेवणारी प्रणाली विकत घेतलेली होती आणि तिचा परवाना जुन्या यंत्राच्या क्रमांकाशी बांधलेला होता. नव्या यंत्रावर ती म्हणाली, तुम्ही कोण? विकणाऱ्याची कचेरी सकाळी दहाला उघडणार. तो नाद आम्ही सोडला. नोंद नसली तरी चालेल, आधी फोन चालू देत.

पाचवी गोष्ट सगळ्यांत गमतीची. राखीव सर्व्हरने चुकून मध्ये लुडबुड करू नये, म्हणून त्याच्यावरची टेलिफोनची प्रणाली मुद्दाम बंद करून ठेवलेली होती. ती सुरू केली. पण पुन्हा वीज गेली आणि यंत्र नव्याने चालू झाले, तर ती परत बंदच राहणार होती. कारण 'आपण राखीव आहोत' हे त्याच्या हाडीमासी खिळलेले होते! ते कलमही बदलावे लागले. बारावा गडी पाणी घेऊन धावतो, सीमारेषेवर चेंडू अडवतो. पण त्याच्या हाती बॅट द्यायची, तर आधी संघाच्या यादीत त्याचे नाव चढवावे लागते.

बारा वाजता रात्रपाळीच्या ऑपरेटर बाईंनी विभागांची यादी हातात घेऊन एकेक फोन फिरवला. आतून आत, आतून बाहेर, बाहेरून आत. "तुम्हाला मी ऐकू येते का? मला तुम्ही येता." दोन्ही बाजूंनी आवाज येतो, हे माणसानेच तपासावे लागते. हिरवा दिवा ते सांगत नाही.

या पावणेतीन तासांत रुग्णालयात काय झाले? आतले काम थांबले नाही. परिचारिका आपापल्या मोबाइलवर बोलत होत्या, वॉर्डबॉय रक्तपेढीच्या जिन्यावर खालीवर करत होते. पण प्रत्येक केसपेपरवर छापलेला, आजूबाजूच्या खेड्यांत भिंतीभिंतींवर रंगवलेला रुग्णालयाचा तो एक नंबर मेलेला होता.

अकराच्या सुमारास पावसात भिजलेली एक जीप आली. तीस किलोमीटरवरच्या वस्तीतून एका बाळंतिणीला आणले होते. तिचा नवरा दहा वाजल्यापासून रुग्णवाहिकेसाठी फोन लावत होता. शेवटी शेजाऱ्याची जीप मिळाली. वेळेवर पोचले, मुलगी झाली, दोघी सुखरूप. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या माणसाला भेटलो. तो रागावला असेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "नंबर लागतच नव्हता साहेब. म्हटलं, बिल भरायचं राहिलं असेल."

त्याचा तो समजूतदारपणा मला रागापेक्षा जास्त लागला. आणि त्याच्यासारखे आणखी किती जण त्या रात्री नंबर फिरवत होते? सांगता येणार नाही. आलेल्या फोनची नोंद सर्व्हरमध्ये होते. न आलेल्या फोनची नोंद कोण ठेवणार? टेलिफोनच्या बिघाडाचे हेच वैशिष्ट्य आहे. पाणी गेले की लोक ओरडतात, वीज गेली की ओरडतात. फोन गेला की तक्रार करायचे साधनच गेलेले असते.

राखीव यंत्राची ही कल्पना टेलिफोनमध्ये आली कशी, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे. मी खात्यात आलो तेव्हा आमच्याकडे स्ट्रोजर पद्धतीची एक्स्चेंजे होती. अल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेतला अंत्यविधीची व्यवस्था करणारा गृहस्थ. ऑपरेटर बाई आपले गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळवते या संशयाने त्याने बाईशिवाय चालणारे यंत्र शोधले, अशी कथा सांगतात. १८९१ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. या यंत्राला एक मेंदू असा नव्हताच. शेकडो छोटे छोटे खटके आपापल्यापुरते काम करत आणि त्यांचा खडखडाट चाळीतल्या नळावरच्या भांडणासारखा दिवसभर चाले. त्यातला एक खटका अडकला, तर एखाद्याचा एक फोन लागत नसे. बाकी गावाला पत्ताही लागत नसे. तिथे संपूर्ण एक्स्चेंजला राखीव जोड ठेवण्याची गरज नव्हती.

मग इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजे आली. ३० मे १९६५ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सक्कासुन्ना या छोट्या गावात बेल कंपनीने असे पहिले मोठे एक्स्चेंज सुरू केले. सगळा कारभार आता एका मेंदूच्या हाती आला. सोय मोठी, पण तो मेंदू थांबला तर सगळे गाव एकदम मुके होणार. म्हणून तिथल्या अभियंत्यांनी मेंदूच दोन ठेवले. दोघेही एकच काम बरोबरीने करत आणि एकमेकांची उत्तरे ताडून पाहत. एक चुकला की दुसरा कारभार घेई, आणि बोलणाऱ्याला कळतही नसे. उद्दिष्ट काय ठेवले होते? चाळीस वर्षांत मिळून फक्त दोन तास बंद!

आपल्याकडेही हाच विचार आला. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि १९८६ साली तिचे खेड्यांसाठीचे १२८ जोडण्यांचे एक्स्चेंज कर्नाटकात, राणी चन्नम्माच्या कित्तूरला सुरू झाले. वातानुकूलन नाही, धूळ भरपूर, विजेचा भरवसा नाही. अशा ठिकाणी टिकेल असे ते यंत्र बनवले होते. त्यातही कारभार पाहणारा भाग जोडीने होता. एक कामावर, एक तयारीत.

माझ्या नोकरीत अशाच एका जोडीच्या एक्स्चेंजवर आमचे एक वरिष्ठ होते. त्यांचा दंडक असा की दर पंधरवड्याला, मध्यरात्रीनंतर, धडधाकट चालू असलेली बाजू आपण होऊन खाली बसवायची आणि राखीव बाजूला कामाला लावायचे. पुढचा पंधरवडा कारभार तिच्याकडेच. आम्ही तरुण पोरे कुरकुर करायचो. "चालती गाडी कशाला थांबवायची साहेब?" ते म्हणत, "ज्या दिवशी ती आपल्या मर्जीविरुद्ध थांबेल, त्या दिवशी तुम्ही झोपेत असाल. आज जागे आहात."

तेव्हा तो विक्षिपपणा वाटे. पुढे जगात जे घडले ते वाचल्यावर त्या माणसाचा मोठेपणा कळला.

९ एप्रिल २०१४ च्या मध्यरात्रीच्या सुमाराची घटना. अमेरिकेत संकटकाळी ९११ हा नंबर फिरवतात. अनेक राज्यांतले असे फोन कोलोराडोतल्या एंगलवूड येथील एका केंद्रातून जात आणि तिथला संगणक ते त्या त्या गावच्या मदत कक्षाकडे पाठवी. हा संगणक प्रत्येक फोनला एक अनुक्रमांक देई. कोणे एके काळी कोणीतरी या क्रमांकांची कमाल मर्यादा ४ कोटी ठरवून दिली होती. त्या रात्री मर्यादा भरली. पुढच्या फोनला क्रमांक मिळेना; आणि क्रमांक नाही म्हणून फोन पुढे जाईना. यंत्र बंद पडले नव्हते. दिवे हिरवेच होते. ते फक्त फोन पोचवत नव्हते.

या केंद्राला जोड होती. फ्लोरिडातल्या मायामीत तसेच दुसरे केंद्र धडधाकट उभे होते. पण या प्रकारच्या बिघाडात कारभार आपोआप मायामीकडे जावा, अशी तजवीज नव्हती. यंत्राने इशारा दिला तो किरकोळ दर्जाचा, म्हणून त्याच्याकडे कोणी वेळेवर लक्ष दिले नाही. सुमारे सहा तासांनी माणसांनी स्वतः वाहतूक मायामीकडे वळवली, आणि फोन लागू लागले. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. त्यात हिशेब आहे : ७ राज्ये, ८१ मदत कक्ष, त्यांच्या छत्राखालचे १ कोटी १० लाखांहून अधिक लोक, आणि न पोचलेले ६,६०० हून जास्त फोन. सिएटलमधली एक बाई घरात घुसू पाहणाऱ्या माणसाच्या भीतीने ९११ फिरवत होती. एकदा नव्हे, निदान ३७ वेळा.

राखीव केंद्र होते. त्याला 'आता तू' असे म्हणणारे कोणी नव्हते.

याच्या उलट प्रकारही घडतो. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याचे जाळे जवळजवळ नऊ तास कोलमडले. न्यू यॉर्कमधले एक केंद्र किरकोळ कुरबुरीमुळे क्षणभर थांबले आणि लगेच कामावर परत आले. 'मी आलो' हा त्याचा निरोप शेजारच्या केंद्रांना पोचला, आणि महिन्यापूर्वीच बसवलेल्या नव्या प्रणालीतल्या एका चुकीच्या ओळीमुळे त्या निरोपानेच शेजारी गोंधळले. त्यांच्या राखीव भागांनी तत्परतेने कारभार घेतला. पण राखीव भागातही तीच ओळ, तीच चूक! तेही पाठोपाठ आडवे झाले. देशभरच्या ११४ केंद्रांत ही लागण फिरत राहिली. जुळ्या भावाला एकाच वेळी तोच आजार झाला, तर सोबतीला कोण? तेव्हा राखीव यंत्र हुबेहूब असावे, हेही पूर्ण खरे नाही. नवी प्रणाली दोन्हींवर एकाच दिवशी चढवू नये, एवढे पथ्य तरी पाळावे.

आणखी एक धोका असतो. मुख्य यंत्र खरोखर मेलेले नसते, त्याच्याशी असलेली वायर फक्त तुटलेली असते. राखीव यंत्राला वाटते तो गेला, आणि ते गादीवर बसते. आता एका राज्यात दोन राजे. निम्मे फोन याच्याकडे हजेरी लावतात, निम्मे त्याच्याकडे. आणि दोन्ही गटांना एकमेकांचा ठावठिकाणा नसतो. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पण ते गेले याची सर्वांची खात्री पटलेली नव्हती. म्हणूनच पंधरा वर्षांनी तोतया उभा राहून कोकणात किल्ले घेऊ शकला. कारभार कोणाचा, याविषयी संशय राहणे हे कारभारी नसण्याइतकेच वाईट. यासाठी जाणते अभियंते एक तिसरा पंच नेमतात, किंवा वारसाला गादीवर बसवण्याआधी जुन्या यंत्राची वीज तोडून टाकतात. आम्हीही त्या रात्री राखीव सर्व्हरला जुना पत्ता देण्याआधी वरच्या पेटीची विजेची आणि जाळ्याची अशा दोन्ही वायरी काढून जमिनीवर ठेवल्या होत्या.

ते किती शहाणपणाचे होते, हे दुसऱ्या दिवशी कळले. दुपारी दुरुस्तीवाला आला. जुन्या पेटीचा वीजपुरवठ्याचा भाग जळला होता. तो त्याने बदलला आणि दिवा लागला. भाचा आनंदाने वायर लावायला निघाला. मी त्याचा हात धरला. "थांब. आधी पाट कोणीकडे वाहतो ते बघ."

कारण असे, की त्या पेटीला आपण गेल्या रात्री मेलो होतो हे ठाऊकच नव्हते. ती अजून स्वतःला मुख्य समजत होती. जाळ्यात येताच एकाच पत्त्यावर दोघे उभे राहिले असते. त्यातून निभावलो असतो, तरी रात्री २ वाजता तिने नेमाप्रमाणे आपली जुनी माहिती राखीव पेटीवर ओतली असती. कारण मार्चमध्ये बिघडलेला पासवर्ड भाच्याने त्याच सकाळी मोठ्या उत्साहाने नीट करून ठेवला होता! आदल्या रात्रीपासून नव्या पेटीवर केलेले सगळे बदल पुसले गेले असते, आणि सकाळी आम्ही पुन्हा कपाळाला हात लावून बसलो असतो.

म्हणून वायर न लावता, पेटीला वेगळे बसवून, आम्ही तिला तिचे नवे स्थान समजावून सांगितले. पत्ता बदलला. टेलिफोनची प्रणाली बंद केली. प्रत उतरवण्याची दिशा उलटी केली : आता खालून वर. मगच तिला जाळ्यात घेतले. या सगळ्याला संध्याकाळचे सहा वाजले. म्हणजे मध्यरात्रीपासून अठरा तास रुग्णालयाला राखीव असे काही नव्हतेच. राखीव गडी मैदानात उतरला की तंबू रिकामा होतो. फोन चालू झाले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकून जे झोपी जातात, त्यांच्या हे लक्षात येत नाही.

भाच्याने विचारले, "आता परत जुन्यालाच मुख्य करायचे का?" मी म्हटले, दोघांची ताकद सारखी असेल तर कशासाठी? दर बदलात चुकीला एक जागा असते. मुख्यपण ही पेटीची जात नव्हे, ती पाळी आहे. ज्याची पाळी त्याने करावी.

घरी येऊन ही हकीकत सांगितली तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "आपल्या घरात मुख्य कोण आणि राखीव कोण?" मी हसण्यावारी नेले, पण प्रश्न मनात राहिला. बँकेची कामे मी करतो, विम्याचे कागद माझ्याकडे. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, गॅसचा नंबर, दूधवाल्याचा हिशेब, कोणत्या नातेवाइकाला कधी फोन करायचा, हे सगळे तिच्याकडे. आम्ही दोघेही एकमेकांना राखीव आहोत असे समजून चाळीसहून अधिक वर्षे निर्धास्त राहिलो. आणि कोणाचीही प्रत कोणाकडे उतरलेली नाही. ज्या घरांत कर्ता माणूस अचानक अंथरुणाला खिळतो, तिथे पहिले दोन महिने कागद शोधण्यात जातात, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. घरात दुसरे माणूस नव्हते असे नसते. त्याच्या हाती कधी काही दिले गेलेले नसते.

त्या रविवारी तिने बँकेचे काम केले आणि मी पाठीमागे हात बांधून उभा राहिलो. मी स्वयंपाक केला. त्याविषयी न बोललेले बरे.

रुग्णालयात आता महिन्याच्या पहिल्या रविवारी, पहाटे चारला, पाळी बदलतात. पहिल्या खेपेला सव्वा तास लागला. मग चाळीस मिनिटे. परवा गेलो तेव्हा बारा मिनिटांत झाले. वायरींना रंगीत पट्ट्या लागल्या आहेत. काय आधी, काय नंतर, हे लिहिलेला कागद पुठ्ठ्यावर चिकटवून मांडणीला टांगला आहे. आणि तो भाच्याने नव्हे, मदतनीस पोराने लिहिला आहे. हे मला जास्त आवडले, कारण भाचाही कधीतरी रजेवर जाणारच. पेट्यांवरच्या 'मुख्य' आणि 'राखीव' या चिठ्ठ्या काढून टाकल्या आहेत. आता नुसते 'अ' आणि 'ब'. ज्या पेटीची पाळी असेल, तिच्यावर चुंबकाची एक लाल टिकली.

आणि रात्रपाळीच्या त्या ऑपरेटर बाईंनी स्वतःहून एक नेम धरला आहे. दर दोन तासांनी त्या आपल्या पर्समधला मोबाइल काढतात आणि भिंतीभिंतींवर रंगवलेला रुग्णालयाचा नंबर फिरवतात. समोरच्या टेबलावरचा फोन वाजतो. त्या तो स्वतःच उचलतात, दोन्ही कानांना दोन फोन लावून "हॅलो" म्हणतात, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आला की ठेवून देतात, आणि वहीत वेळ लिहितात.